फुंकायला नाही म्हणणारा माळकरी

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. चोर एका गुन्ह्यातला आठवतो आणि पंच दुसऱ्यातले. मुदतीआधी निवृत्ती घेऊन घरी बसल्यापासून जेवताना मी एखादी हकिगत सुरू केली, की बायको वरण वाढता वाढता म्हणते, "मागच्या वेळी हा चोर बुटका होता." एका धुळवडीच्या दुपारबद्दल मात्र तिला अजून माझी चूक काढता आलेली नाही. ती दुपार माझ्याजवळ जशीच्या तशी आहे.

तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणत. माझं ठाणं जळगाव रस्त्यावर, घरं संपून शेतं सुरू होतात तिथं होतं. सिल्लोडकडून मका आणि कापूस घेऊन येणारी वाहनं आमच्या दारावरूनच शहरात शिरायची. धुळवड म्हणजे आमचा बंदोबस्ताचा दिवस. लोक रंग खेळतात आणि आम्ही रंग खेळलेल्या लोकांना मोजतो. त्या दिवशी सकाळी मी गणवेश चढवून निघालो, तर सणाला आलेल्या मेहुणीनं मागून येऊन तोंडाला हिरवा रंग फासला. तोंड घासून काढलं. उजवा कान हिरवाच राहिला, आणि हे मला दुपारपर्यंत कोणीही सांगितलं नाही. ठाणेदाराचा कान हिरवा आहे, हे सांगायची हिंमत हाताखालच्या माणसाला कुठून असणार? सकाळी मी ज्यांना ज्यांना दरडावलं, ते सगळे इतक्या नम्रपणे खाली का बघत होते, याचा उलगडा मला उशिरा झाला.

श्वास तपासायचं एकच यंत्र आमच्या वाट्याला आलं होतं. ते आमचे जमादार सांभाळायचे. जमादार म्हणजे मुरलेला हवालदार, निवृत्तीला टेकलेला, माणसाच्या चालीवरून त्याचा पेला ओळखणारा. नाकाबंदीवर लोक काय काय कारणं सांगत. कोणाला दमा, कोणाचा उपास, कोणाचा दात कालच काढलेला. एक जण तर गाल फुगवून, डोळे वटारून हवा आत ओढत होता. जमादारांनी त्याला शांतपणे सांगितलं, "भाऊ, शंख वाजवायचाय, चहा प्यायचा नाय."

दुपारी ठाण्याचा फोन वाजला. सरकारी दवाखान्यातून एक रिक्षावाला बोलत होता.

"साब, फाट्यावर एका जीपनं गाठीवाल्याला उडवलं. मैं उसकू लेके दवाखाने में आया. पाँव गया उसका, खून बहुत गया."

"जीप कोण चालवत होतं? पाहिलंस का?"

"देखा ना साब. मुँह पे पूरा चंदेरी रंग था. फुल टुन्न. नीचे उतरा तो वहींच गिर गया. मेरेकू उस गाठीवाले की पड़ी थी, उसकू कौन पकड़ता?"

साखरेच्या गाठी होळीपासून पाडव्यापर्यंत विकतात. लेकराबाळांच्या गळ्यात घालायच्या त्या माळा. शहागंजच्या बाजारातून गाठी भरून घ्यायच्या आणि सायकलवर खेडोपाडी फिरून विकायच्या, असा एक म्हातारा होता. आम्ही फाट्यावर पोचलो तेव्हा सायकल खड्ड्यात पडली होती आणि डांबरावर पांढऱ्या साखरेचा चुरा झाला होता. मुंग्या आमच्या आधी पोचल्या होत्या.

जीप शोधावी लागलीच नाही. पुढं थोड्या अंतरावर, बाभळीखाली ती उभी होती. चालकाच्या जागेवर एक माणूस ताठ बसला होता. वय साठीकडं झुकलेलं, धोतर, पांढरा सदरा आणि तोंड चंदेरी. उन्हात ते तोंड पत्र्यासारखं चकाकत होतं.

मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "मीच चालवत होतो साहेब. पिऊन होतो. घाला आत."

इतका सोपा आरोपी मला नोकरीत पहिल्यांदाच भेटत होता. खरं सांगायचं तर मी मनातून खूश झालो. सणाचा दिवस, घरी पुरणपोळी उरलेली, आणि इथं गुन्हा घडून तास झाला नाही तोवर आरोपी कबूल. त्याच्या सदऱ्याला दारूचा वासही येत होता. जमादारांनी यंत्र काढलं, नळी लावली आणि त्याच्या तोंडापुढं धरली.

"फुंका बाबा."

"नाय."

"पिलेलं कबूल केलंय ना? मग फुंकायला काय जातंय?"

"फुंकणार नाय. कबूल केलंय, ते लिहून घ्या."

आम्ही त्याला ठाण्यात आणलं. कायदा इथं अगदी स्पष्ट आहे. गणवेशातल्या पोलिसानं संशयावरून फुंकायला सांगितलं आणि चालकानं नकार दिला, तर त्याला वॉरंटशिवाय अटक करता येते. ठाण्यात आणल्यावर त्याला पुन्हा एक संधी द्यायची. तरी नाही म्हणाला, तर डॉक्टरकडून रक्त तपासायचं. आणि योग्य कारण नसताना नकार दिला, तर कोर्टात तो नकार त्याच्याच अंगावर येतो. थोडक्यात, नाही म्हणणारा माणूस पिलेला आहे असं धरून चालायची आम्हाला सवय झालेली असते. मलाही होती.

दुसरी संधी द्यायची म्हणून मी त्याला समोर बसवलं.

"कारण तरी सांगा. का फुंकत नाही?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "ती नळी उष्टी हाय. कुणाकुणा दारुड्याच्या तोंडातली. माझ्या गळ्यात माळ हाय साहेब."

त्यानं सदऱ्याच्या आतून तुळशीची माळ बाहेर काढून दाखवली. जमादारांनी कपाटातून नवीन नळी आणली, त्याच्या देखत पाकीट फोडलं आणि म्हणाले, "ही घ्या, तुमच्या नावानं फोडली. हिला अजून कुणाचं तोंड लागलेलं नाय."

तो त्या नळीकडं बघत राहिला. मग मान फिरवून त्यानं विचारलं, "किती वाजले?"

हा प्रश्न त्यानं येताना आमच्या गाडीतही विचारला होता. ठाण्यात शिरताना विचारला होता. पाणी प्यायल्यावर विचारला. ज्याला कोठडीत जायचंय, त्याला घड्याळाशी काय देणंघेणं?

"किती पिली होती?" मी विचारलं.

"लई."

"देशी की इंग्लिश?"

त्यानं विचार केला. "दोन्ही."

जमादारांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं आणि तेवढ्यात त्यांच्यामागच्या भिंतीवरच्या आरशात मला माझा हिरवा कान दिसला. सकाळपासूनचा सगळा अपमान एका क्षणात कळला. पण त्याच वेळी माझं लक्ष समोरच्या माणसाच्या कानांकडं गेलं. ते स्वच्छ होते. कानांच्या मागं, मानेवर, केसांत कुठंच चंदेरी नव्हती. दाढीचा साबण लावावा तसा रंग फक्त तोंडापुरता बेतानं लावलेला होता. धुळवडीला कोणी आपल्याला इतक्या बेतानं रंगवतं का? दुसऱ्याच्या हातचा रंग कानात जातोच जातो. माझी मेहुणी साक्षीला होती.

मी उठून त्याच्या मागं गेलो. वास येत होता तो सदऱ्याच्या एका खांद्याला. तोंडाला, श्वासाला काहीच नव्हता. पिलेलं कोणीतरी त्या खांद्यावर मान टाकून टेकलं होतं.

जमादारांना मी बाहेर बोलावलं.

ते म्हणाले, "साहेब, आरोपी कबूल हाय, वास हाय, नकार हाय. आपण कशाला खाजवून खरूज काढायची? दवाखान्यात तो म्हातारा गेला, तर वरून विचारणा होईल. आरोपी हातात असलेला बरा."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दवाखान्यात माझा एक शिपाई बसवलेला होता. गाठीवाल्याला अजून शुद्ध आलेली नव्हती, डाव्या पायाचं हाड गुडघ्याखाली मोडलं होतं आणि डॉक्टर काहीच खात्रीनं सांगत नव्हते. तो गेला, तर हा साधा अपघाताचा गुन्हा राहणार नव्हता. आणि खरा चालक कुठंतरी बसून अंगातली दारू उतरायची वाट बघत होता. प्रत्येक मिनिटाला माझा पुरावा त्याच्या रक्तातून कमी होत होता. म्हणून तर हा माणूस वेळ विचारत होता.

मी आत आलो आणि म्हणालो, "ठीक आहे बाबा. कोठडीत घालतो. जमादार, झडती घ्या."

त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. तो स्वतःच उठला. कोठडीत घालताना माणसाच्या अंगावर दोरीसारखं काहीही ठेवायचं नाही असा नियम आहे. आत कोणी गळफास घेऊ नये म्हणून. पट्टा, करदोटा, गळ्यातला दोरा, सगळं काढून घ्यायचं. त्यानं खिसे रिकामे केले. कमरेचा करदोटा सोडून दिला. टोपीसुद्धा दिली. मग जमादार म्हणाले, "माळ."

तो मागं सरकला.

"माळ राहू द्या साहेब."

"नियम आहे."

"मी जीव देणार नाय. इठ्ठलाची आण घेतो. माळ राहू द्या."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. माझे थोरले मामा माळकरी. वर्षभर कांदासुद्धा खायचे नाहीत. पण गावच्या जत्रेला संध्याकाळी ते माळ काढून देवघराच्या खुंटीला अडकवायचे, देवाला म्हणायचे, 'जरा तिकडं बघा,' आणि बाहेर पडायचे. सकाळी अंघोळ करून पुन्हा माळ गळ्यात. आम्ही भाचे त्यांची टिंगल करायचो. पण गळ्यात माळ असताना त्यांनी कधी पेल्याला हात लावला नाही. पिणारा माळकरी आधी माळ काढतो. एवढा हिशेब तो ठेवतोच.

"बाबा," मी म्हणालो, "सकाळपासून तुम्ही लई पिली. देशीही पिली, इंग्लिशही पिली. तेव्हा ही माळ कुठं होती?"

"गळ्यातच."

"दारूच्या वेळी ती आड आली नाही. नळीला आड आली. आता कोठडीलाही आड येतेय. असा माळकरी मी पाहिला नाही."

त्याचा हात माळेवर होता आणि चंदेरी रंगातून घाम वाट काढत होता.

"तुम्ही पिलेले नाही. फुंकलं तर यंत्र शून्य दाखवेल, म्हणून फुंकत नाही. फाट्यावर ज्यानं जीप चालवली, तो पडण्याइतका पिलेला होता. लोकांनी पाहिलंय. मग तो कोण?"

माझ्या आयुष्यातली ती सर्वांत विचित्र चौकशी होती. आरोपी म्हणत होता मी गुन्हेगार आहे आणि मी त्याला हात जोडून सांगत होतो की बाबा, तुम्ही नाही.

"मीच हाय," तो म्हणाला. "चावी मी दिली. मग गुन्हा कुणाचा?"

तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातला शिपाई होता. गाठीवाला शुद्धीवर आला होता. डॉक्टरांच्या परवानगीनं शिपायानं त्याला दोन गोष्टी विचारल्या होत्या. मी फोन कानाला लावून ऐकत गेलो आणि ऐकलेलं मोठ्यानं म्हणत गेलो. समोरच्या माणसाला ऐकू जावं म्हणून.

"जीपमध्ये दोघं होते... चालवणारा जवान पोरगा, तोंड रंगवलेलं... दुसरा वयस्कर, गळ्यात माळ... तो खाली उतरला. त्यानं मला ओढून सावलीत घेतलं, तांब्यानं पाणी पाजलं... रिक्षा येईस्तोवर माझं डोकं मांडीवर धरून बसला. त्या माळकऱ्याला काही करू नका म्हणावं. त्याच्या हातात गाडी नव्हती."

फोन ठेवला. रिक्षावाल्यानं या माळकऱ्याला वाटसरू समजून फोनवर त्याचा विषयही काढला नव्हता. माळकरी बाकावर बसला.

"पाय वाचला का त्याचा?" त्यानं विचारलं.

"वाचेल म्हणतात. जीव तरी वाचलाय."

"ज्याचा पाय मोडला, तो माझी बाजू घेतोय," तो म्हणाला. "आन मी त्याच्या समोर खोटा उभा राहणार व्हतो कोर्टात."

मग त्यानं स्वतःच हात पुढं केला. नळी घेतली, तोंडाला लावली आणि एका दमात फुंकली. शून्य. नोकरीत कितीतरी वेळा ते शून्य पाहिलं असेल मी. इतकं जड शून्य पुन्हा पाहिलं नाही.

चालवणारा त्याचा मुलगा होता. एकुलता एक. पोलीस भरतीत निवडला गेला होता. मैदानी झाली, लेखी झाली, यादीत नाव आलं, आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. त्या आनंदात मित्रांनी धुळवडीला पाजली. बाप त्याला आणायला गेला, तर पोरगं म्हणालं, "बाबा, तुम्हाला नीट दिसत नाय, मी चालवतो." आणि बापानं चावी दिली. अपघातानंतर बापानं जीप पुढं नेली, पोराला आपल्या बहिणीच्या शेतात उतरवलं, त्याच्याच खिशातली चंदेरी रंगाची डबी घेतली आणि परत येऊन स्टिअरिंगमागं बसला. फुंकायचं नाही, रक्तही द्यायचं नाही, हे पोरानंच जाता जाता सांगितलं होतं. भरतीच्या अभ्यासात त्यानं मोटार वाहन कायदा वाचला होता. नाही म्हणत राहिलं की पिलेलाच समजतात, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

"गावात भरती झालेला पहिला पोरगा माझा," त्या शेताकडं जाताना म्हातारा आमच्या जीपमध्ये म्हणाला. "दौंडी देणार व्हते लोक."

मलाही मुलगा आहे. त्याला मी कितीदा गाडीची चावी दिली आहे, कोणत्या कोणत्या अवस्थेत, ते मी इथं लिहीत नाही.

बहिणीच्या शेतातल्या गोठ्यामागं पोरगा बसलेला सापडला. अंघोळ झालेली, कपडे बदललेले, तोंड रॉकेलनं घासून लाल केलेलं. शेजारी ताकाचा रिकामा तांब्या. कानांच्या पाळ्यांमागं मात्र चंदेरी तशीच होती. एक हिरव्या कानाचा अधिकारी आणि एक चंदेरी कानाचा संशयित, असे आम्ही समोरासमोर उभे राहिलो. हसायचं कोणालाच सुचलं नाही.

जमादारांनी यंत्र पुढं केलं.

"मी फुंकणार नाही," तो म्हणाला. जीभ अजून जड होती. "मी गाडी चालवत नाहीये. मी घरी आहे. कलम मलाही माहीत आहे."

"अर्धंच माहीत आहे," मी म्हणालो. "अपघात झाला असेल तर त्या वेळच्या चालकाला ठाण्यात नेऊनही फुंकायला सांगता येतं. नाही म्हणालास तर अटक, मग डॉक्टरकडं रक्त. आणि तुझा नकार कोर्टात तुझ्याविरुद्ध बोलेल. दोन साक्षीदार आहेत. चल, बस गाडीत."

तो जागचा हलला नाही. त्यानं बापाकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हातारा पुन्हा माघार घेणार. पोराच्या डोळ्यांत नुसती भीती होती. नोकरीत बत्तीस उन्हाळे काढलेले जमादारही यंत्र पुढं धरून तसेच उभे होते.

म्हाताऱ्यानं धोतराच्या सोग्यानं तोंडावरचा रंग पुसला. अर्धा निघाला.

"दुपारपासून मी नाय म्हणून बघितलं, बाळा," तो म्हणाला. "लई अवघड हाय. आपल्याच्यानं व्हत नाय ते. चल त्यांच्यासंगं. फुंक."

पोरगा मुकाट्यानं जीपमध्ये बसला. ठाण्यात आल्यावर त्यानं फुंकलं. इतका वेळ गेला होता तरी आकडा मर्यादेच्या बराच वर होता. लगेच दवाखान्यात नेऊन रक्ताचा नमुना घेतला. अटकेनंतर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. ती झाली. बापाला मी साक्षीदार केलं. त्यानं आधी दिलेली खोटी माहितीही जबाबात आहे तशी घेतली, कारण ती गाळली असती तर पुढच्या वकिलानं त्याच भोकातून गुन्हा बाहेर काढला असता. कोर्टात म्हातारा पिंजऱ्यात उभा राहिला आणि पोराकडं न बघता सगळं खरं सांगून खाली उतरला. शिक्षा झाली, परवाना गेला. पोलीस भरतीतलं नाव तर त्याआधीच कापलं गेलं होतं. गाठीवाला काठी घेऊन का होईना, चालायला लागला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं भाषणांत लोक विचारतात. आमच्या खात्यात नकाराचा एकच अर्थ शिकवतात, आणि दहापैकी नऊ वेळा तो बरोबरच असतो. कायदा त्याच नऊ जणांसाठी लिहिलेला आहे आणि तो तसाच हवा. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांनी रस्त्यावर काय करून ठेवलेलं असतं, ते मी पाहिलेलं आहे. पण त्या दुपारनंतर कोणी नाही म्हणालं, की मी त्याच्या तोंडाआधी त्याच्या डोळ्यांकडं बघायला लागलो. हा स्वतःसाठी नाही म्हणतोय, की दुसऱ्या कोणासाठी? या एका प्रश्नानं मला पुढं किती वेळा वाचवलं, सांगता येणार नाही.

निवृत्तीनंतर एकदा शहागंजात बियाणं घेताना तो म्हातारा भेटला. त्यानंच मला ओळखलं. आम्ही चहा घेतला. पोरगा आता शेती बघतो, म्हणाला. लग्न झालं. पहिली दोन वर्षं बापाशी बोलला नाही, आता कामापुरतं बोलतो.

"तुमच्यावर राग नाय त्याचा," तो म्हणाला. "माझ्यावर हाय."

कपातला चहा संपला तरी तो उठेना. शेवटी त्यानं विचारलं, "साहेब, मी तवा माळ काढून दिली असती, तर तुम्हाला माझं खोटं पकडता आलं नसतं ना?"

"शंका होती, पण बहुतेक नसतं पकडता आलं."

"मंग पोरगं पोलीस झालं असतं."

"झालं असतं. आणि पुढच्या धुळवडीला मी त्यालाच यंत्र देऊन चौकात उभं केलं असतं."

त्यानं चहाचे पैसे काढून ठेवले. मग पिशवी उचलत म्हणाला, "कोणत्या तोंडानं फुंक म्हणला असता त्यो दुसऱ्याला?"